व्हाळ नावाचं गाव

रत्नागिरीच्या तहसील कचेरीमागच्या गल्लीत कौसर मुकादमचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. दाखले, रेशनकार्डं, पासपोर्टचे अर्ज, शिष्यवृत्त्या, सगळं तिथं भरून मिळतं. अशी दुकानं त्या गल्लीत आणखी चार आहेत आणि तिथं काम लवकर होतं, कारण तिथले लोक प्रश्न विचारत नाहीत.

कौसर विचारते. नाव बदलायला कुणी आला की आधीचं नाव कुणी ठेवलं होतं, हे कळल्याशिवाय तिचे हात कळफलकावर जात नाहीत. आधारकार्डावर एक जानेवारी जन्मतारीख असलेल्या म्हाताऱ्या बायका आल्या की तिला चेवच येतो. सगळ्या जणी एकाच दिवशी कशा जन्मलात, म्हणत ती खोदत बसते. आई काय सांगायची? भात झोडून झालं होतं का? आंब्याला मोहर होता की कैऱ्या? एकदा संगमेश्वराकडच्या गोदूबाई नावाच्या आजींची तारीख तिनं अशीच, घरात पडलेल्या फणसांवरून मोजत मोजत, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आणून ठेवली होती. फॉर्मवर शेवटी एक जानेवारीच गेली, कागदोपत्री तीच होती. पण आजी उठताना म्हणाल्या, "बरं झालं गो, आता निदान मला तरी म्हायती."

बाकड्यावर खोळंबलेला एक जण त्या दिवशी वैतागला होता. "बाई, तुम्ही फॉर्म भरता की सोयरीक जमवता?"

"दोन्हीत चौकशी लागते," कौसर म्हणाली आणि त्याचं आडनाव कुठल्या गावावरून पडलं, ते विचारलं.

फक्त एका ठिकाणी तिची ही चौकशी अडायची. तिचा मुलगा.

अरशद एकुलता एक. आयटीआय झाला, दोन वर्षं एका ठेकेदाराकडे कोकण रेल्वेच्या रुळांवर काम केलं आणि मग एजंटामार्फत दूर वाळवंटातल्या एका रेल्वेवर लागला. पोचल्यावर त्याचा पहिला फोन आला तेव्हा आवाज खरखरत होता.

"गावाचं नाव काय रे?"

"वहाल."

"व्हाळ?"

तो हसला. "हो, तसंच काहीसं."

कोकणातल्या माणसाला व्हाळ म्हटल्यावर दुसरं काही सुचणं शक्यच नाही. डोंगरातून उतरून वाडीला वळसा घालून जाणारं पाणी, त्यावरचा साकव, धुण्याचे दगड, खेकडे धरणारी पोरं. कौसरचा जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "वाळवंट आहे खरं, पण गावातून व्हाळ जातो."

अझीम तीस वर्षं मच्छीमार लाँचीवर इंजिन सांभाळून आता राजिवड्यात घरी बसले होते. बोलणं कमी. "वाळवंटात व्हाळ?"

"नाव काय उगाच पडतं?"

"आपल्या मागच्या वाडीला आंबेवाडी म्हणतात. दाखव एक कलम."

कौसरनं ते मनावर घेतलं नाही. अरशदनं पाठवलेल्या फोटोंत कारंजं होतं, दोन्ही बाजूंना खजुराची झाडं असलेला रस्ता होता, पांढरीशुभ्र मशीद होती. एकदा दुकानात तिनं देवनागरीत ‘व्हाळ’ टाइप करून पाहिलं, तर राजापूर-लांज्याकडच्या ओढ्यांचे फोटो आले. ते बघून तिनं पान मिटलं आणि पुन्हा उघडलं नाही. दर शुक्रवारच्या फोनवर काय जेवलास, झोप लागते का, अंगावर पुरळ उठत नाही ना, एवढं विचारून ती थांबायची. परक्याच्या कागदात मानेपर्यंत शिरणारी बाई इथं उंबऱ्यावरून परत फिरायची. जास्त विचारलं तर काहीतरी ऐकावं लागेल, ही धास्ती तिनं स्वतःलाही कधी बोलून दाखवली नाही.

तेवढ्यात अरशदची सोयरीक जमली. मुलगी मंडणगडची, जन्नत. बी.एस्सी. झालेली, तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. वडील लहानपणीच गेले, मामानं वाढवलं. मामा वजीर परकार, वीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून आता मंडणगडात हार्डवेअरचं दुकान टाकून बसलेले. त्यांची एकच अट होती: मुलगी नवऱ्याबरोबर जाईल. जन्नतच्या थोरल्या बहिणीला, आयातला, अकरा वर्षांत आखातातला नवरा किती दिवस भेटला ते त्यांनी महिन्यांत सांगितलं. साडेपाच महिने. दुसरी भाची अशी द्यायची नाही.

"क्वार्टर मिळतं मामू," अरशद व्हिडिओवर लगेच म्हणाला. "शाळा आहे, दवाखाना आहे, बाजार आहे. सगळं आहे."

मंगनी झाली. जमातीत निकाहची तारीख जाहीर करायची तेवढी राहिली.

अशात एका सोमवारी सकाळी वजीरभाई न कळवता दुकानात येऊन उभे राहिले. मंडणगडहून पहिली एसटी धरून आले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. फोन कौसरच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "वाचा."

फोनवर मराठीत चार ओळी होत्या. ‘वहाल आता बंद करण्यात आले आहे. गेली आठ वर्षे त्याची देखभाल कोणीही करत नाही. ते सुरक्षित राहिलेले नाही. ज्यांचा वापर अजूनही सुरू आहे त्यांनी लवकरात लवकर दुसरीकडे स्थलांतर करावे.’

"मी फोनला विचारलं, वहालबद्दल सांग. तर त्यानं हे सांगितलं. कौसरआपा, आठ वर्षं बंद असलेल्या गावात तुमचा मुलगा नोकरी कसली करतो?"

कौसरनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग बोटानं पान वर सरकवलं. खाली बारीक अक्षरांत होतं: ‘शेवटची आवृत्ती २.४’.

गावाची आवृत्ती कशी असेल? तिनं मूळ पान आपल्या कॉम्प्युटरवर उघडलं, इंग्रजीत. दोन परिच्छेद वाचले आणि खुर्चीला पाठ टेकली.

"बसा वजीरभाई. हे गाव नाही. हा ब्राउझर आहे."

"काय आहे?"

"इंटरनेट बघायची खिडकी. तुम्ही फोनवर पेपर वाचता, तो ज्यातून दिसतो ना, त्यातला एक प्रकार."

"मग बंद कसा पडला? कंपनी बुडाली?"

"कंपनी नव्हतीच." कौसर पडद्यावर बोट ठेवून वाचत होती. "आपल्या जमातीच्या मोठ्या देगा असतात ना लग्नाच्या, तसं समजा. कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्याव्यात, रांधावं, घासून परत ठेवाव्यात. पोचा आला तर ज्याला ठोकता येतो त्यानं ठोकावा. हा ब्राउझर तसा. फुकट, आणि आत काय कसं बसवलंय ते सगळ्यांना उघडं. ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करावं."

"मग?"

"मग कल्हई करणारे उरले नाहीत."

वजीरभाईंना हे एकदम पटलं. मंडणगडात त्यांच्याच जमातीच्या तीन देगा अशा पडून होत्या. बिनकल्हईच्या देगेत रांधलेलं किती लोकांना बाधतं, ते त्यांनी एका वलीम्याच्या जेवणाला पाहिलं होतं. "म्हणून लिहिलंय होय, सुरक्षित नाही."

"म्हणूनच."

आता ते बसले. रुमालानं मान पुसली. "माफ करा आपा. एसटीत बसून काय काय ठरवून आलो होतो."

"काय ठरवलं होतं?"

"ते आता सांगण्यासारखं नाही."

कौसरनं डबा उघडून त्यांच्यापुढे सांदणं ठेवली, चहा मागवला. तिसरं सांदण संपवता संपवता वजीरभाई म्हणाले, "गावाचं नाव कशाला दिलं म्हणायचं त्या ब्राउझरला?" आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला उठले. जाताना म्हणाले, "येत्या रविवारी जमातीत तारीख सांगतो मग."

"सांगा," कौसर म्हणाली.

गोष्ट मिटली होती. पण वजीरभाई आपला प्रश्न तिथंच बाकड्यावर विसरून गेले होते, आणि प्रश्न पडून राहिलेला कौसरला बघवत नाही. दुपारी कचेरीची जेवणाची सुट्टी झाली, गल्ली ओस पडली, तसं तिनं ते पान पुन्हा उघडलं.

ब्राउझरचं चिन्ह होतं चार पायांवरची पाण्याची टाकी. ‘नावाविषयी’ असं एक छोटं टिपण होतं. त्यात लिहिलं होतं की वहाल हे आमच्या देशातलं रेल्वेचं एक ठाणं. शब्दाचा अर्थ चिखल. तिथल्या विहिरीला गढूळ का होईना पण पाणी होतं, म्हणून वाफेची इंजिनं तिथं थांबून पाणी घेत. पुढं दोनशे किलोमीटर काहीच नव्हतं. आमचा ब्राउझर जुन्या, दमलेल्या कॉम्प्युटरांसाठी आहे. त्यांनी इथं थांबावं, पाणी प्यावं आणि पुढं जावं.

कौसरनं ते तीनदा वाचलं. कुणीतरी फार मायेनं लिहिलं होतं. म्हणजे व्हाळ नव्हे, चिखल. चालायचंच, व्हाळ आटला की मागं तोच राहतो.

पण वाफेची इंजिनं जाऊन किती वर्षं झाली असतील? डिझेलच्या इंजिनाला पाणी कशाला लागेल? मग गाडी तिथं थांबते कशाला? आणि गाडी थांबत नसेल, तर गावात माणसं कशाला राहतील?

इथं तिनं माउसवरचा हात काढून घेतला. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. रविवारला सहा दिवस होते.

पानाच्या तळाशी ब्राउझर बनवणाऱ्याचा ईमेलचा पत्ता होता. नाव इद्रिस. कौसरनं जन्मात एकाच प्रकारचं इंग्रजी लिहिलं होतं, अर्जाचं. तेच तिनं लिहिलं. विषय: वहाल येथील सद्यःस्थितीबाबत माहिती मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, आपल्या ब्राउझरला ज्या गावाचे नाव आहे तेथे माझा मुलगा नोकरीस आहे, तरी खालील मुद्द्यांवर खुलासा व्हावा. मुद्दे अकरा होते. घरं किती, गाडी किती वेळा, शाळा कितवीपर्यंत, डॉक्टर बाई की पुरुष, कारंजं कुठल्या चौकात. बारावा मुद्दा तिनं लिहिला आणि खोडला. तिथं माणूस सुखात राहतो का, हे परक्याला विचारून काय उपयोग?

उत्तर गुरुवारी आलं.

‘आदरणीय बाई, वहाल बंद केल्यापासून आठ वर्षांत मला आलेलं हे पहिलं पत्र. आणि त्यात ब्राउझरबद्दल एकही प्रश्न नाही.’ पुढं त्यानं अकराही मुद्द्यांना क्रमांक घालून उत्तरं दिली होती. त्याचे आजोबा त्या टाकीवर कामाला होते. गेल्या हिवाळ्यात तो आजीच्या घराला कुलूप लावायला तिथं जाऊन आला होता. पूर्वी खाण होती तेव्हा तीन हजार घरं होती. खाण बंद झाली. आता दिवा लागतो अशी साठ. प्रवासी गाडी नाही. बंदराकडे जाणारी मालगाडी आठवड्यातून दोनदा जाते, तेवढ्यासाठी रेल्वेनं काही परदेशी कामगार ठेवलेत. शाळेला कुलूप. डॉक्टर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, पुरुष. पाणी मालगाडीला जोडलेल्या टाकीतून. क्वार्टरं हवी तेवढी, निवडून घ्यावीत. कारंजं वहालमध्ये नाही, तुम्ही सांगता ते जिल्ह्याच्या शहरातलं, तिथून एकशे साठ किलोमीटर.

शेवटी होतं: ‘ब्राउझर सांभाळायला मी एकटाच उरलो तेव्हा पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की आता याच्यावर विसंबू नका. लोक चिडले, पण वेळेवर दुसरीकडे गेले. गावाबद्दल तसं लिहिण्याचं काम कुणाचं, ते मला अजून कळलेलं नाही. स्टेशनात एका भारतीय मुलानं मला चहा पाजला होता. नाव विचारायचं राहिलं.’

कौसरनं त्या पत्राचा प्रिंट काढला. मशीनमधून कागद बाहेर यायला नेहमीइतकाच वेळ लागला, तिला मात्र तो फार वाटला. वजीरभाईंच्या फोननं भलत्याच वस्तूची माहिती दिली होती, आणि ती शब्दन्‌शब्द गावाला लागू पडत होती. खरं सांगून तिनं एका माणसाला घालवून दिलं होतं.

शुक्रवारी नमाजनंतर अरशदचा फोन आला.

"काय जेवलास" याच्याऐवजी तिनं विचारलं, "गावात घरं किती रे? दिवा लागतो अशी?"

पलीकडे वारा वाजत होता. "कुणी सांगितलं?"

"साठ ना?"

"अठ्ठावन्न. दोन गेल्या महिन्यात गेली."

"शाळा आहे म्हणालास."

"इमारत आहे."

"आणि दवाखाना?"

"तीपण इमारतच, अम्मी."

कौसरला हसू आणि रडू एकदम आलं. दोन्ही दाबून तिनं वजीरभाईंची फेरी, ब्राउझर, पत्र, सगळं त्याला सांगितलं. "का सांगितलंस तसं?"

"तू व्हाळ म्हणालीस. केवढी खूश झालीस. मग मला चिखल म्हणवेना. आणि मामूंनी अट घातली तेव्हा मला वाटलं होतं, शहरात बदली होईल. दोनदा अर्ज दिलाय. उत्तर नाही. अम्मी, लग्न होऊ दे, मग बघू काहीतरी. मामूंनी विचारलं, तू सांगितलंस, मिटलं. तू खोटं कुठं बोललीस? तो ब्राउझरच आहे."

"हो," कौसर म्हणाली. "मी खरंच बोलले."

तिनं फोन ठेवला. अझीम दारात चटईवर बसून बांगडे साफ करत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "सांगितलं तर मोडेल."

"मोडेल."

"अठ्ठाविसाव्या वर्षी मोडलेली मंगनी. लोक काय समजतील? मुलात खोट आहे म्हणतील."

"म्हणतील." अझीमनी एक बांगडा पालथा केला. "आणि नाही सांगितलंस तर ती पोरगी तिथं जाऊन बघेल. डोळे आहेत तिला."

"मग मी काय करू?"

"मला विचारून तू कधी काय केलंयस?"

कौसर दुकानात रोज दहा वेळा म्हणते, वाचल्याशिवाय सही करू नका. माणसं कंटाळतात, तरी ती त्यांना वाचायला लावते. इथं एक मुलगी अख्ख्या आयुष्यावर सही करायला निघाली होती आणि कागद कौसरच्या पर्समध्ये होता.

शनिवारी दुकान बंद ठेवून तिनं मंडणगडची एसटी धरली. पाच तास तिनं पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

"एवढ्या लांब कशाला आलात?" वजीरभाई गल्ल्यावरून उठत म्हणाले. "फोन करायचा होता. उद्या तर मी तारीख सांगतोच आहे."

"जन्नतला बोलवा. दोघांसमोर बोलायचंय."

जन्नत लॅबमधून आली. पांढरा कोट हातावर टाकलेला, केसांना घट्ट रुमाल. घर दुकानाच्या मागंच होतं. तिघं आतल्या खोलीत बसली. कौसरनं चष्मा लावला आणि पत्र वाचायला घेतलं. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची. अकराही उत्तरं वाचली. कारंज्याचंसुद्धा.

वजीरभाई म्हणाले, "म्हणजे माझा फोन बरोबर होता."

"फोन चुकला होता. तुमची शंका बरोबर होती. आणि मी तुम्हाला सांदणं खाऊ घालून परत पाठवलं."

"मुलगा खोटं बोलला."

"बोलला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

त्यांनी बोटं मोजल्यासारखं केलं. मग उठून खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. "चांगलं केलंत सांगितलंत ते. पण आता उद्या काही जाहीर करायचं नाही. मोडलं समजा."

"मामू," जन्नत म्हणाली, "लग्न कुणाचं ठरलंय?"

वजीरभाई वळले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पत्र हातात घेऊन वरपासून खाली वाचत होती. एका ओळीवर नख ठेवून तिनं कौसरला विचारलं, "खाला, पाणी गाडीनं येतं लिहिलंय. गाडी आठवड्यातून दोनदा. मग मधल्या दिवसांचं साठवतात कशात?"

"ते मी नाही विचारलं."

"अकरा प्रश्नांत पाणी साठवायचं राहिलं?"

गुरुवारपासून पहिल्यांदाच कौसरला जरा बरं वाटलं.

"नंबर लावून द्या तुमच्या मुलाचा," जन्नत म्हणाली. "मीच विचारते." आणि फोन घेऊन मागच्या पडवीत गेली. दार तिनं ओढून घेतलं, पण ते पुरतं लागत नव्हतं.

वजीरभाई आणि कौसर समोरासमोर बसले. वजीरभाईंच्या बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवला. पडवीतून तुकडे ऐकू येत होते. "आणि वीज?... रोज की कधीतरी?... विंचू घरात येतात की बाहेरच?... मग फोटो कुठले होते?... नाही, आधी फोटोंचं सांगा." त्यानंतर तिचं नुसतं ‘हं, हं’ ऐकू येत राहिलं.

"ही काय त्याची मुलाखत घेतेय?" वजीरभाई पुटपुटले.

"घेऊ दे."

पाऊण तासानं जन्नत आत आली. फोन कौसरच्या हातात देऊन उभीच राहिली.

"मी तिथं जाणार नाही. डॉक्टर महिन्यातून एकदा येतो तिथं मी लॅबवाली काय करू? त्यांचा करार अजून चौदा महिने आहे. तो पुरा करून त्यांनी परत यावं, इथं काम बघावं, मग तारीख. तोवर मंगनी आहे तशी राहील." मग मामाकडे बघून म्हणाली, "पुन्हा एक जरी गोष्ट लपवली तर मोडायचं काम तुम्हाला पडणार नाही. मीच मोडेन. तसं सांगितलंय त्यांना."

"काय म्हणाला?" कौसरनं विचारलं.

"रडत होते बहुतेक. की वारा होता, ते कळलं नाही."

वजीरभाईंनी निवलेला चहा एका घोटात संपवला. खूश नव्हते, पण मघासारखे ताठही नव्हते. "आणि उद्या जमातीत मी काय सांगायचं?"

"सांगा, मुलगी अजून चौकशी करतेय," जन्नत म्हणाली आणि कोट उचलून लॅबकडे गेली.

परतीची एसटी लागायला अर्धा तास होता. मंडणगडच्या स्टँडवर एका खांबाला टेकून कौसरनं अरशदला फोन लावला. तो चिडला असेल, उचलणार नाही, असं धरूनच लावला होता. त्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

"रागावलायस?"

"नाही." आवाज बसलेला होता, पण हलका होता. "दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. तिनं विंचवांचं तीनदा विचारलं."

"मीपण विचारणार आहे. मला पहिल्यापासून सांग. सकाळी उठल्यावर काय करतोस?"

अरशदनं सांगायला सुरुवात केली. पहाटे पाचला चौघं निघतात, ऊन चढायच्या आत. रात्रीच्या वाऱ्यानं रुळांवर वाळू चढलेली असते, कुठं कुठं गुडघाभर. कोकणात रुळावर दगड आला तर एकदा उचलला की संपलं, इथं तसं नाही. फावड्यानं ढिगारा ओढायचा, मग रुळांचे सांधे झाडूनं साफ करायचे, नऊ किलोमीटर.

"ती काढलेली वाळू टाकता कुठं?"

"बाजूला. वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला."

"आणि वारा फिरला की?"

"परत येते."

"मग तिथंच का टाकता? जरा लांब का नाही नेत?"

"अम्मी, हे इथं कुणी विचारलेलं नाही."

"उद्या विचार. साहेब कोण आहे तुमचा? कुठला?"

तेवढ्यात एसटी फलाटाला लागली. लोक दाराशी दाटले. कौसरनं फोन कानाशी धरूनच पर्स काखेत मारली, एका बाईला वाट दिली, वर चढली आणि खिडकीची जागा मिळवून बसली.

"हं," ती म्हणाली. "आणि दुपारी?"